पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा तपासणी का मागतो?

पेनड्राइव्ह संगणकाला लावला की कोपऱ्यात सूचना उमटते: या ड्राइव्हमध्ये अडचण आहे, तपासून दुरुस्त करा. फाइली तर नीट उघडत असतात, म्हणून बहुतेक जण ती सूचना बंद करतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. कोणी तपासणी करून घेतं, विंडोज ‘एकही चूक आढळली नाही’ असं सांगतं आणि आठवड्याभरात तेच सुरू होतं. लग्नाचे फोटो, शाळेची निकालपत्रकं, सोसायटीचे हिशेब आपण ज्या वस्तूच्या भरवशावर ठेवतो, तिची ही तक्रार नेमकी काय आहे, हे समजून घ्यायलाच हवं.

ही सूचना देताना विंडोजने ड्राइव्ह तपासलेला नसतो. त्याने फक्त एक खूण वाचलेली असते. कोणती फाइल ड्राइव्हच्या कोणत्या कप्प्यांत आहे, याचा तक्ता पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा ड्राइव्हच्या सुरुवातीलाच असतो. फाइली मांडण्याच्या ‘फॅट३२’ पद्धतीत या तक्त्याच्या दुसऱ्या नोंदीत, तर ‘एक्सफॅट’ पद्धतीत ड्राइव्हच्या अगदी पहिल्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, एक बिट राखून ठेवलेला असतो. जाणकार त्याला ‘डर्टी बिट’ म्हणतात. ड्राइव्हवर लिहायला सुरुवात झाली की हा बिट ‘काम चालू आहे’ असं दाखवतो. सगळं लिहून झालं की तो पूर्ववत होतो. मधेच ड्राइव्ह उपटला किंवा वीज गेली, तर ती खूण तशीच राहते.

खरी मेख पुढे आहे. ड्राइव्ह लावतानाच ही खूण दिसली, तर विंडोज ती आपणहून पुसत नाही. त्यानंतर तुम्ही शंभरदा व्यवस्थित ‘इजेक्ट’ केलं तरी तपासणी होईपर्यंत सूचना येतच राहते. तपासणीनंतरही ती परतत असेल, तर हा ड्राइव्ह आणखी कुठे कुठे लागतो ते आठवा. गाडीतला म्युझिक प्लेअर, टीव्ही, डॅशकॅम, झेरॉक्सच्या दुकानातला संगणक. टीव्ही आणि डॅशकॅम चित्रण साठवताना ड्राइव्हवर सतत लिहीत असतात आणि किल्ली फिरवली किंवा बटण दाबलं की त्यांची वीज लिहिता लिहिताच तुटू शकते. अशा वेळी ड्राइव्हमध्ये दोष नसतो. एक ड्राइव्ह गाडी-टीव्हीसाठी, दुसरा कागदपत्रांसाठी, एवढ्यानेही ही कटकट थांबू शकते. संगणकाच्या पुढच्या बाजूचा सैल पोर्ट किंवा स्वस्तातला यूएसबी हबही लिहिता लिहिता संपर्क तोडतो. म्हणून एकदा संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावून पाहावं.

आता दुरुस्तीबद्दल. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी सगळ्या फाइली संगणकावर कॉपी करा, त्यातल्या मोजक्या उघडून बघा, आणि मगच ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्सखाली ‘चेक’ दाबा. कारण ‘चेकडिस्क’ हा कार्यक्रम तक्ता सुसंगत करतो. तुमच्या फाइलीतला मजकूर त्याला कळत नाही. दोन फाइली एकाच कप्प्यावर हक्क सांगत असतील, तर तो वाद मिटवतो. मालक न सापडलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकतो. अर्धवट लिहिला गेलेला फोटो मात्र अर्धवटच राहतो. दुरुस्ती म्हणजे ड्राइव्हवर नव्याने लिहिणं. ड्राइव्ह आधीच खिळखिळा झाला असेल तर या लिहिण्याने उरलेलंही जाऊ शकतं. फाइली कॉपीच होत नसतील, तर ‘चेक’ला हातही लावू नका, फोटोरेकसारखं फक्त वाचणारं सॉफ्टवेअर आधी वापरा आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

कधी कधी दोष खरोखर चिपमध्ये असतो. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ साली मांडलेली ‘नँड फ्लॅश’ ही रचना आजही पेनड्राइव्हच्या पोटात आहे. तिच्यात माहिती म्हणजे सूक्ष्म पेशींत अडकवलेला विद्युतभार. लिहिता येतं लहान पानांवर, पण पुसायचं तर अनेक पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. म्हणून आतला कंट्रोलर सतत माहिती इकडून तिकडे हलवतो. त्या हलवाहलवीत वीज तुटली, तर तुम्ही उघडलीही नव्हती अशी फाइल बिघडू शकते. शिवाय दर पुसण्यागणिक पेशी झिजतात. आजच्या स्वस्त चिपा काही शे ते काही हजार वेळाच पुसता येतात. शेवटी शेवटी काही कंट्रोलर ड्राइव्ह ‘राइट प्रोटेक्टेड’ करून टाकतात. त्या अवस्थेत तो दुरुस्त करण्याच्या खटाटोपात पडू नये, वाचता येईल तेवढं वाचून घ्यावं.

फसवणुकीचा प्रकारही आहेच. काही ड्राइव्ह वेष्टनावर ५१२ जीबी सांगतात आणि आत त्याच्या एका अंशाचीच चिप असते. कंट्रोलर खोटा आकडा दाखवतो. खरी जागा संपेपर्यंत सारं छान चालतं, त्यापुढे लिहिलेलं कुठेच उरत नाही. रिकाम्या ड्राइव्हवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे सॉफ्टवेअर चालवलं की ते ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतं आणि खोटेपणा उघडा पडतो. नवा ड्राइव्ह घेतल्यावर दुकानदाराकडून पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी करून घ्या.

ही सूचनाच येऊ नये म्हणून विंडोजची ‘शेल हार्डवेअर डिटेक्शन’ ही सेवा बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट सल्ला आहे. सूचना थांबते, पण खूण जागेवरच राहते आणि बिघाड असलाच तर तो वाढत जातो.

फाइली वाचवून झाल्यावर ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागतो, पण त्यात प्रत्येक कप्पा तपासला जातो. त्यानंतर फक्त तुमच्याच संगणकाला थेट लावून, नीट इजेक्ट करूनही सूचना परत आली, तर तो ड्राइव्ह संपला आहे. त्यात नवी फाइल ठेवू नका, कोणाला देऊही नका, ई-कचऱ्यात टाका.