टीबीच्या गोळ्यांसोबत डाळ-तांदूळ : झारखंडच्या अभ्यासातून आपण काय घ्यावे

टीबी झाला की दवाखान्यात दोन गोष्टी सांगितल्या जातात. गोळ्या चुकवू नका आणि चांगले खा. पहिल्या सूचनेसाठी सरकार गोळ्या फुकट देते. दुसऱ्या सूचनेचा खर्च मात्र घरावर पडतो, आणि तोही अशा वेळी, जेव्हा घरातले कमावते माणूसच खाटेवर असते. त्यामुळे 'चांगले खा' हा सल्ला आपल्या वस्त्यांत बहुतेक वेळा कानावरून जातो. आजारी माणूस चहा-पावावर गोळ्या घेतो आणि घरचे लोक 'गोळ्या चालू आहेत ना, होईल बरा' म्हणून धीर धरतात.

पोटभर जेवण हा टीबीच्या उपचाराचाच भाग मानायचा की वरचा सल्ला, या प्रश्नाचे मोजून-मापून दिलेले उत्तर अलीकडे आपल्याच देशातून आले आहे. झारखंडमध्ये झालेल्या या अभ्यासाला 'रेशन्स' असे नाव आहे. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये 'द लॅन्सेट' आणि 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. म्हणून हा अभ्यास आपल्या घरांनी समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

जेवणाचा विचार मागे का पडला?

टीबीवर औषध नव्हते तेव्हा स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. त्यासाठी सॅनेटोरियम असत. तिथे जागा थोडी आणि रुग्ण अफाट. औषधे आल्यावर १९५६ मध्ये मद्रासला एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. शहरातल्या गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. घरी राहणाऱ्यांचे जेवण बेताचे होते, विश्रांतीही कमी होती. तरीही वर्षभरानंतर दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

या अभ्यासाने गरिबांचे मोठे भले केले. रुग्णालयातल्या खाटेची वाट न पाहता घरी राहून टीबी बरा होतो, हे सिद्ध झाले, आणि आजचा सगळा सरकारी कार्यक्रम त्याच पायावर उभा आहे. पण त्यातून आणखी एक समज रुजला : औषध नियमित असेल तर आहाराकडे वेगळे लक्ष देण्याची गरज नाही. हाच समज झारखंडच्या अभ्यासाने पुन्हा तपासायला घेतला.

झारखंडमध्ये काय केले?

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झारखंडच्या चार जिल्ह्यांतील २८ टीबी युनिटमध्ये हे काम झाले. फुप्फुसाचा टीबी असलेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे त्यात होती. यांतील सुमारे दोन-तृतीयांश लोक आदिवासी समाजातील. ऑगस्ट २०१९ मध्ये नोंदणी सुरू झाली, मध्येच कोरोनाची टाळेबंदी आली, आणि जुलै २०२२ पर्यंत या कुटुंबांवर लक्ष ठेवले गेले.

प्रत्येक रुग्णाला औषधांसोबत सहा महिने दरमहा दहा किलोच्या आसपास शिधा दिला : ५ किलो तांदूळ, ३ किलो डाळ, दीड किलो दूध पावडर, अर्धा लिटर तेल, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. हा शिधा घरच्या जेवणाच्या जागी नव्हता, त्याच्यावर भर म्हणून होता. दिवसाला हिशेब केला तर १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने.

रुग्णाला शिधा नाकारणे योग्य नव्हते, म्हणून तो सर्वांनाच मिळाला. तुलना केली ती घरातल्या इतर माणसांची. निम्म्या युनिटमधील कुटुंबांत रुग्णासोबत घरातल्या प्रत्येकालाही दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. बाकीच्या युनिटमध्ये घरच्यांचे जेवण नेहमीचेच राहिले. कोणते युनिट कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. त्यामुळे दोन्ही गटांत पुढे जो फरक दिसला तो शिध्याचा, असे खात्रीने म्हणता येते.

काय आढळले?

साधारण दोन वर्षांत, शिधा न मिळालेल्या घरांतील हजार माणसांमागे सुमारे २६ जणांना टीबी झाला. शिधा मिळालेल्या घरांत हे प्रमाण हजारी १७ होते. इतर फरक हिशेबात घेतल्यावर घरच्यांना टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. थुंकीत जंतू सापडणारा, म्हणजे इतरांना पसरणारा टीबी तर ४८ टक्क्यांनी, जवळजवळ निम्म्याने, कमी झाला. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे ३० घरांना असा शिधा दिला तर टीबीचा एक नवा रुग्ण टळतो.

ही गोष्ट किती मोठी आहे ते बघा. कोणतीही नवी लस नाही, महागडे औषध नाही. डाळ आणि तांदूळ.

रुग्णांच्या बाबतीत जे दिसले तेही महत्त्वाचे आहे. उपचार सुरू झाले तेव्हा पाचपैकी चार रुग्णांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. पाच टक्के म्हणजे किती? ४० किलोच्या माणसाचे ४२ किलो होणे. फक्त दोन किलो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. रुग्णांमध्ये शिधा न मिळालेला गट नव्हता. ज्याला औषध लागू पडते त्याची भूक वाढते आणि वजनही वाढते. त्यामुळे वाचण्याचे सगळे श्रेय एकट्या वजनाला देता येणार नाही. पण पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढत नसेल तर ती धोक्याची घंटा आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

जेवणाचा आणि टीबीचा संबंध काय?

टीबीचे जंतू हवेतून शरीरात शिरतात. रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा ते हवेत येतात आणि एका खोलीत झोपणाऱ्या कोणाच्याही फुप्फुसात जातात. पण जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झालाच असे नाही. बहुतेकांचे शरीर त्यांना कोंडून ठेवते. जंतू आत झोपून राहतात, कधी कधी आयुष्यभर.

ही कोंडी टिकवायला शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी लागतात आणि त्या पेशींना प्रथिने लागतात. जेवण महिनोन्महिने अपुरे पडले की पहारा ढिला होतो आणि झोपलेले जंतू उठतात. मग टीबी झाला की ताप येतो, भूक मरते, वजन आणखी उतरते. उपासमारीतून टीबी आणि टीबीतून उपासमार, असे हे चाक फिरत राहते. मधुमेह, दारू आणि विडी-सिगारेटही हा पहारा असाच ढिला करतात.

हवेचा वाटाही विसरून चालणार नाही. मुंबईच्या एम-पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात, जिथे इमारती एकमेकींना खेटून आहेत तिथे, आणि खास करून ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर, टीबी जास्त आढळला. रिकामे ताट आणि बंद खोली, दोन्ही गरिबीचीच रूपे आहेत. ज्याला टीबी झाला त्याच्या नशिबाला किंवा वागण्याला दोष देण्यात काहीच अर्थ नाही.

सरकारकडून काय मिळते?

'निक्षय पोषण योजने'तून २०१८ पासून टीबी रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. सहा महिन्यांच्या उपचाराचे ६,००० रुपये होतात. पैसे थेट बँक खात्यात येतात. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही ते मिळतात, फक्त त्याची नोंद 'निक्षय' यंत्रणेत झालेली असली पाहिजे.

नोंद झाली का, निक्षय क्रमांक काय, खाते आधारशी जोडलेले आहे का, या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात आशाताईंना किंवा टीबी केंद्रातील कर्मचाऱ्यांना विचारा. पैसे अडकले तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते. ही मदत मागताना संकोच करू नका. तो रुग्णाचा हक्क आहे.

याशिवाय 'निक्षय मित्र' नावाची व्यवस्था २०२२ पासून आहे. कोणतीही व्यक्ती, मंडळ किंवा संस्था रुग्णाला दरमहा शिधा देण्याची जबाबदारी घेऊ शकते. आता या मदतीत रुग्णाच्या घरच्यांचाही समावेश केला आहे.

घरात काय करावे?

वजन मोजा आणि लिहा. उपचाराच्या पहिल्या दिवशी आणि नंतर दर महिन्याला. कार्डावर लिहून घ्या, नाहीतर घरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन महिन्यांत वजन वाढले नाही, किंवा घटले, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषधाने सारखी उलटी होणे, डोळे पिवळे होणे, अन्नावरची वासना पूर्ण जाणे ही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

रेशनवर धान्य मिळते, पण डाळ बहुधा विकतच घ्यावी लागते. म्हणून हातातला पैसा आधी डाळीवर घाला. तूर, मसूर, हरभरा, मटकी, शेंगदाणे, अंडी, दूध, सुकट, बोंबील यांपैकी जे परवडेल ते रोज दोन्ही वेळच्या जेवणात असू द्या. शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट वरण भाकरीबरोबर खाल्ले तरी शरीराला बळ मिळते. भूक नसेल तर थोडे थोडे पाच वेळा द्या. टीव्हीवरच्या महागड्या पावडरीच्या डब्याच्या किमतीत कित्येक किलो डाळ येते. मधुमेह असेल तर काय आणि किती खायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारे वजन, यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासा. आजार नसलेल्यांना टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळते. लहान मुलांसाठी ते फार गरजेचे आहे. आणि घरातली बाई शेवटी, उरलेसुरले खाते ती पद्धत निदान या सहा महिन्यांत मोडा. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणारी तीच असते. झारखंडमध्ये शिधा माणशी मोजून दिला होता, त्यात तिचाही वाटा होता.

रुग्णाचे ताट-पेला वेगळे काढू नका. टीबी भांड्यातून पसरत नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्याने तोंडावर रुमाल किंवा मास्क लावावा, खिडकी-दार उघडे ठेवावे, जमल्यास हवेशीर जागी झोपावे. एवढे पुरते. वेगळे ठेवलेले भांडे माणसाला काय करते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. तेच आपल्या घरात, आपल्याच माणसाच्या वाट्याला येऊ नये.

वस्तीने काय करावे?

एका रुग्णाचा सहा महिन्यांचा झारखंडसारखा शिधा म्हणजे ३० किलो तांदूळ, १८ किलो डाळ, ९ किलो दूध पावडर आणि ३ लिटर तेल. घरात आणखी चार माणसे असतील तर त्यांची डाळ दरमहा ६ किलो. विहार समितीला किंवा महिला मंडळाला हे ओझे फार मोठे नाही. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च थोडा आवरला तरी एका-दोन घरांची सोय होते. निक्षय मित्र म्हणून नोंदणी केली तर हे काम सरकारी नोंदीतही येते.

मात्र पथ्य एक पाळा. शिधा घरी नेऊन द्या, गाजावाजा न करता. स्टेजवर बोलावून, हातात पिशवी देऊन फोटो काढू नका. कोणाला टीबी आहे हे सांगायचे की नाही, ते त्या माणसाने ठरवायचे आहे. मदतीची बातमी झाली तर पुढचा रुग्ण आजारच लपवेल, तपासणीला उशीर करेल, आणि तेवढ्या दिवसांत त्याच्या घरातली मुले त्याच हवेत श्वास घेत राहतील.