मृत्यूचं खरं कारण कोण लिहितं?

मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' असं लिहिलं की कारण दिल्यासारखं वाटतं. पण हृदय प्रत्येकाचंच थांबतं! कामाची ओळ असते ती खालची, म्हणजे मूळ आजाराची. गावात घरीच मरण आलं, तर ती ओळ कोण लिहिणार?

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ मध्ये हे काम अंगावर घेतलं. देशातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. रुग्ण येण्याची वाट न पाहता तिथले कर्मचारी बार्शी, भूम, परांडा तालुक्यांतली गावं पालथी घालायचे. आजारी कोण, गेलं कोण, कशाने, याची विचारपूस करायचे.

अशी नोंद असली, की तपासणीने मृत्यू कमी होतात का, हेही मोजता येतं. पुढे त्यासाठीच शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो. म्हणून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचे गट पाडले. एका गटाची ब्रशने घेतलेल्या नमुन्यावर विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी झाली, तीही एकदाच. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: त्या ३४ हजारांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तर नेहमीच्याच सेवेवर राहिलेल्या ३१ हजारांच्या गटात ६४. (तपासणीविना राहिलेल्या या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो रास्तच होता.) पेशी तपासणाऱ्या पॅप चाचणीच्या आणखी एका गटात मात्र मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही.