ती गोळी डॉक्टरांपासून लपवू नका

काही दुखणी माणूस चारचौघांत सांगतो. कंबर धरली, गुडघे दुखू लागले, की पारावर बोलणे निघते आणि दहाजण दहा उपाय सुचवितात. परंतु पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता येईनाशी झाली, तर तो त्याविषयी चकार शब्द काढीत नाही. बायकोजवळसुद्धा नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जावे, ओळखीचे कोणी नाही असे पाहून दुकानातून गोळी घ्यावी आणि सदऱ्याच्या खिशात दडवून घरी आणावी, असे चालते. ही लाज समजण्यासारखी आहे. पण या गोळीचा रक्तदाबाशी थेट संबंध येतो, आणि हृदयविकाराच्या एका नेहमीच्या औषधाशी तिची गाठ पडली तर ते जिवावर बेतते. म्हणून घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या पानावर हा विषय मोकळेपणाने मांडीत आहोत.

मूळ शोध हृदयासाठी

या गोळ्यांतील सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे सिल्डेनाफिल. ‘व्हायग्रा’ या नावाने ते जगभर माहीत झाले. इंग्लंडमधील केंट परगण्यात सँडविच नावाचे गाव आहे. तेथे फायझर कंपनीचे संशोधक हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे छातीत येणाऱ्या कळेवर औषध शोधीत होते. कळेवर त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही. मात्र औषध घेणाऱ्या पुरुषांना इंद्रियाला ताठरता येत असल्याचा अनुभव आला. पुढे या कामासाठी म्हणूनच त्याच्या चाचण्या झाल्या आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे हे औषध मुळात रक्तवाहिन्यांवर काम करणारे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पाटाच्या पाण्याचा दाखला

आपल्या शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल होण्याचा इशारा देतो. सैल झालेल्या वाहिन्यांतून इंद्रियात रक्त भरते. काम झाले, की एक विकर हा इशारा थांबविते आणि वाहिन्या पूर्ववत होतात. सिल्डेनाफिल या विकराला अडवून धरते. त्यामुळे वाहिन्या अधिक वेळ सैल राहतात, आणि त्या थोड्याफार साऱ्या अंगातल्या सैल होतात.

पाटावर भिजवणी करणाऱ्यांना पुढचे सहज उमजेल. पाटात पाणी तेवढेच, पण पाटकऱ्याने सगळ्या चाऱ्यांची दारे एकदम उघडली, तर पाटातली पातळी उतरते आणि शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. रक्तवाहिन्या एकदम रुंदावल्या, की रक्ताचा दाबही तसाच उतरतो. निरोगी माणसात ही उतार थोडी असते. १०० मिलिग्रॅमच्या गोळीने वरचा आकडा सरासरी ८ ने आणि खालचा ५ ने उतरतो. डोके दुखणे, चेहरा तांबडा होणे किंवा उठताना किंचित भोवळ येणे, एवढ्यावर ते निभावते.

खरा धोका कोठे?

छातीत कळ आली, की जिभेखाली ठेवावयाची गोळी पुष्कळ घरांत असते. सॉर्बिट्रेट हे तिचे परिचित नाव. ही नायट्रेट जातीची औषधे होत. काही रोगी याच जातीची गोळी रोज घेतात. नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढविते, म्हणजे दारे उघडते. आणि सिल्डेनाफिल ती मिटू देत नाही. दोन्ही एकत्र आली, की रक्तदाब एकाएकी कोसळतो. माणूस बेशुद्ध पडतो, हृदयाचा झटका येऊ शकतो, मृत्यूही ओढवतो.

सिल्डेनाफिल घेतल्यापासून निदान २४ तास नायट्रेट घेऊ नये. टॅडालाफिल हे याच वर्गातले दुसरे औषध शरीरात पुष्कळ वेळ राहते. त्यासाठी ४८ तास धरावे लागतात. जो रोज नायट्रेट घेतो, त्याने या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये.

प्रोस्टेटमुळे लघवी अडते, तेव्हा टॅमसुलोसिन, प्राझोसिन यांसारखी औषधे देतात. त्यांच्या जोडीलाही रक्तदाब उतरतो. दारूनेही त्यात भर पडते.

रक्तदाबाच्या रोग्यांनी

उच्च रक्तदाब आहे म्हणून ही गोळी वर्ज्यच, असे मात्र नाही. दाब औषधाने ताब्यात असेल, तर डॉक्टर तपासून कमी मात्रेने ती देऊ शकतात. ज्यांचा दाब मुळातच फार कमी आहे किंवा अजिबात ताब्यात नाही, आणि ज्यांना गेल्या सहा महिन्यांत हृदयाचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांनी ती आपल्या मनाने मुळीच घेऊ नये.

रक्तदाबाच्या काही औषधांनी ताठरता कमी होते. म्हणून कोणी ती औषधे परस्पर सोडून देतात. तसे करू नये. डॉक्टरांना सांगितले, तर औषध बदलून देता येते.

आणखी एक गोष्ट. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी वाहिन्या खराब होऊ लागल्या, की तक्रार पुष्कळदा आधी येथे दिसते आणि हृदयाची कळ काही वर्षांनी येते. म्हणून ही तक्रार सुरू झाली, की रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

‘निव्वळ जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांवर विसंबू नये. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले आढळल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेळोवेळी जाहीर केले आहे. ज्याला आपण काय खाल्ले हेच ठाऊक नाही, तो डॉक्टरांना काय सांगणार?

घरच्यांसाठी

गोळी घेतल्यावर भोवळ आली, तर माणसाला आडवे निजवावे व पाय थोडे उंच ठेवावेत. छातीत कळ आली, तर घरातली किंवा शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली ठेवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि कोणती गोळी, किती वाजता घेतली, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे. रोग्याला बोलवत नसेल, तर हे सांगण्याचे काम बायकोवर किंवा मुलावर येते. यासाठी ज्या घरात ही गोळी येते, तेथे निदान कारभारणीला तरी ती ठाऊक असली पाहिजे.