ऑक्सफर्ड की केंब्रिज? आधी एक प्रश्नपत्रिका सोडवा

घरात गणितात रमणारा मुलगा किंवा मुलगी असेल आणि परदेशी शिक्षणाचा खर्च झेपण्याजोगा असेल, तर अकरावीच्या आसपास एक प्रश्न हमखास निघतो : ऑक्सफर्ड की केंब्रिज? बहुतेक घरांत उत्तर पुढे ढकलले जाते. दोन्हीकडे अर्ज करू, जिथे मिळेल तिथे जाऊ, असा हिशेब असतो. तो चुकतो, कारण पदवीसाठी एकाच वर्षी या दोन्ही विद्यापीठांत अर्ज करता येत नाही. अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते आणि त्याआधी दोहोंपैकी एक नाव पक्के करावे लागते. प्रवेशाची कसलीही खात्री नसताना, सतराव्या वर्षी, हा निर्णय घ्यायचा असतो.

मराठी मनाचा कल अशा वेळी केंब्रिजकडे झुकतो. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. त्या वर्षी पहिला क्रमांक दोघांत विभागून दिला गेला होता, पण महाराष्ट्रात ‘रँग्लर’ हा शब्द परांजप्यांच्या नावापुढे कायमचा लागला. पुढे रँग्लर महाजनी आणि जयंत नारळीकर यांनी त्याची झळाळी टिकवली. गुणानुक्रमाची यादी जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली, तरी पदवीच्या शेवटच्या वर्षी पहिला वर्ग मिळवणाऱ्या प्रत्येकाला तिथे आजही रँग्लरच म्हणतात.

हा अभिमान रास्त आहे, पण त्यावर निवड करू नये. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. त्या जुन्या ट्रायपॉसवर त्यांनी सडकून टीका केली. नंतर दहा-अकरा वर्षे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक होते आणि १९३१ मध्ये केंब्रिजला परतले. फर्माचे शेवटचे प्रमेय सिद्ध करणारे अँड्र्यू वाइल्स ऑक्सफर्डचे पदवीधर. पीएच.डी. त्यांनी केंब्रिजला केली, सिद्धतेची घोषणा १९९३ मध्ये केंब्रिजच्याच न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये केली, आणि आज ऑक्सफर्डच्या गणित विभागाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे. २०२२ चे फील्ड्स पदक मिळवणारे जेम्स मेनार्ड उलट वाटेने गेले : पदवी केंब्रिजची, डॉक्टरेट ऑक्सफर्डची. गणिताच्या उंचीचाच विचार केला, तर यांतले कोणतेही दार चुकीचे नाही. फरक पडतो तो दाराशी होणाऱ्या परीक्षेत आणि आतल्या दिनक्रमात.

आधी दाराशी काय होते ते पाहू. ऑक्सफर्ड मुलाखतीच्या आधी, बारावीच्या पहिल्या सहामाहीतच, लेखी परीक्षा घेते. ‘मॅट’ या नावाने ती वर्षानुवर्षे ओळखली गेली. तिला लागणारे गणित शाळेतलेच, पण प्रश्न असे की पाठ केलेली रीत उपयोगी पडत नाही. चित्र काढावे लागते, लहान आकडे घालून बघावे लागतात. त्यानंतर डिसेंबरमध्ये मुलाखत आणि जानेवारीत निकाल. ऑफर मिळाली, की उरते ती बारावीच्या गुणांची अट.

केंब्रिजमध्येही मुलाखत डिसेंबरमध्ये होते आणि जानेवारीत उत्तर येते, पण ते उत्तर सहसा सशर्त असते. खरी कसोटी जूनमधली ‘स्टेप’ परीक्षा. तिचे दोन पेपर, प्रत्येकी तीन तासांचे. पेपरात बारा प्रश्न असतात आणि त्यांतले सर्वोत्तम सहा धरले जातात, म्हणजे एका प्रश्नाला अर्धा तास. केंब्रिज साधारणपणे दोन्ही पेपरांत ‘१’ श्रेणी मागते. जागांपेक्षा बऱ्याच जास्त मुलांना ऑफर दिलेली असते, त्यामुळे हातात ऑफर असूनही ऑगस्टच्या निकालात प्रवेश हुकणारे पुष्कळ असतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत हे वेळापत्रक अधिक अवघड होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये जेईई मेन, मे-जूनच्या सुमारास जेईई ॲडव्हान्स्ड, आणि लगेच स्टेप. शिवाय या परीक्षांची तालीम वेगळी आहे. जेईईत उत्तर तपासले जाते, तिथपर्यंत कसे पोहोचलात ते कुणी विचारत नाही. स्टेपमध्ये युक्तिवाद तपासला जातो. क्लासमध्ये दोन वर्षे वेग कमावलेल्या मुलाला ‘दाखवा की’ या शब्दांपुढे स्वच्छ अर्धे पान लिहिता येईलच असे नाही. ही सवय लावायला किमान वर्ष लागते. केंब्रिजने त्यासाठी ‘स्टेप सपोर्ट’ हा विनामूल्य अभ्यासक्रम ऑनलाइन ठेवला आहे. प्रवेश परीक्षांची नावे आणि स्वरूप अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षाचे नियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच वाचावेत.

आत गेल्यावर बरेचसे सारखे आहे. आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रे, सकाळी व्याख्याने, आणि कॉलेजमध्ये छोट्या गटातले शिकवणे. त्याला ऑक्सफर्डला ट्यूटोरियल म्हणतात, केंब्रिजला सुपरव्हिजन. एक शिक्षक, बहुधा दोन विद्यार्थी, मध्ये टेबल आणि त्यावर विद्यार्थ्यांनी आधी सोडवून दिलेली एक्झाम्पल शीट. तासभर फक्त त्या कागदावर बोलणे चालते. शीट मुद्दाम अशी काढलेली असते की सगळे प्रश्न सहसा कुणालाच सुटू नयेत. आपल्याकडे वर्गात पहिला येणारा मुलगा न सुटलेले गणित झाकतो. तिथे त्यालाच आधी ते उघडे करून ‘सर, इथे अडलो’ म्हणावे लागते. पहिल्या सत्रात अनेकांचे मन याच वळणावर खचते. आई-वडिलांनी मुलाला इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला घालण्याऐवजी फळ्यापुढे उभे राहून आपली चूक मोठ्याने सांगण्याचा सराव द्यावा.

अभ्यासक्रमात मात्र वाटा वेगळ्या होतात. केंब्रिजच्या पहिल्या वर्षी गट, संख्या आणि संच, विश्लेषण यांच्याबरोबरच गतिशास्त्र आणि सापेक्षताही शिकवली जाते. शुद्ध आणि उपयोजित गणित तिथे एकाच घरात नांदते, आणि हवे तर पहिल्या वर्षी थोडे गणित बाजूला ठेवून भौतिकशास्त्र घेता येते. पुढे निवडीला भरपूर वाव असतो. ज्याला सैद्धांतिक भौतिकीची ओढ आहे, त्याला हे मानवते. ऑक्सफर्डमध्ये संख्याशास्त्राची ओळख पहिल्याच वर्षी होते, आणि गणिताला संगणकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा तत्त्वज्ञान यांची जोड देणाऱ्या स्वतंत्र पदव्या आहेत. गणित आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकण्याची इच्छा असणाऱ्या मुलीसाठी प्रश्न तिथेच मिटतो. ऑक्सफर्डच्या पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते, पण तिचे गुण अंतिम पदवीत धरले जात नाहीत. नव्या देशात, नव्या पद्धतीत रुळायला निघालेल्याला हा मोठा आधार आहे.

चौथ्या वर्षाचेही पाहून ठेवावे. केंब्रिजचे चौथे वर्ष म्हणजे ‘पार्ट थ्री’. जगभरातून, इतर विद्यापीठांचे पदवीधर खास त्या एका वर्षासाठी तिथे येतात. याचा अर्थ असा की केंब्रिजचे ते दार पदवीनंतरही उघडे असते.

खर्चाच्या संदर्भात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. भारतीय विद्यार्थ्याला परदेशी विद्यार्थ्यांची फी लागते, केंब्रिजमध्ये कॉलेजची फी वेगळी पडते, आणि पदवीच्या पातळीवर शिष्यवृत्त्या मोजक्याच असतात. घर गहाण टाकून या दोहोंपैकी कुठेही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे बंगळुरू केंद्र इथले पदवीचे गणित कसदार आहे, आणि तिथून पार्ट थ्रीला किंवा थेट संशोधनाला जाणारी वाट रुळलेली आहे. परांजपे आधी फर्ग्युसनमधून बी.ए. झाले होते. नारळीकर १९५७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची बी.एस्सी. करून केंब्रिजला गेले. आपले रँग्लर इथली पदवी घेऊन तिथे गेले होते, हे आपण विसरतो.

सगळी सोय असेल आणि निवड करायचीच असेल, तर माझा कौल असा. भौतिकशास्त्राची ओढ, एकेका प्रश्नाशी तासन्‌तास झटण्याची हौस आणि ऑगस्टपर्यंत अनिश्चितता सोसण्याची ताकद असेल, तर केंब्रिज. गणिताबरोबर दुसरा विषय मनात असेल, निर्णय लवकर लागणे गरजेचे असेल, पहिल्या वर्षी सावरायला अवधी हवा असेल, तर ऑक्सफर्ड.

आणि हा कौल पालकांनी देण्याआधी मुलांना दोन रविवार द्यावेत. मॅट आणि स्टेप, दोन्हींच्या जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर फुकट मिळतात. एका रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दुसरी. घड्याळ लावून, मदत न घेता. गुण मोजू नका. त्या वयात, त्या तयारीवर ते कमीच येणार. कोणत्या पेपरातला न सुटलेला प्रश्न जेवताना डोक्यात घोळत राहिला, एवढेच मुलाला विचारा, आणि १५ ऑक्टोबरच्या आधी अर्जात तेच नाव लिहू द्या.