रेझिनमध्ये कोणती पावडर घालायची?

सास्तूर-लोहारा भागात फायबरचं दार, मडगार्ड किंवा कूलरची बॉडी फुटली की हाताला लागेल ती पावडर रेझिनमध्ये कालवून भोक बुजवतात. मग ती पुटी दोन महिन्यांत पडते.

उभ्या जागेवर रेझिन ओघळत असेल तर एरोसिल घ्या. अतिशय हलकी, पांढरी सिलिका. थोडी थोडी घाला आणि घोटत राहा. काडी उचलल्यावर टोक उभं राहिलं की झालं. ओघळ थांबतो, पण घट्ट झाल्यावर घासताना घाम फुटतो. म्हणून वरच्या थरासाठी टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी बरी. स्वस्त, आणि पॉलिश पेपरने पटकन घासली जाते. मायक्रोबलून, म्हणजे काचेचे पोकळ कण, त्याहून हलके, पण जोर पडतो तिथे नकोत.

बोल्टच्या भोकाला किंवा तुटलेल्या कोपऱ्याला नुसती पावडर कधीच पुरत नाही. तिथे काचेच्या धाग्यांचे बारीक तुकडे मिसळा, वरून त्याच धाग्यांची मॅट लावा.

पावडर कोरडी हवी, दमट असेल तर रेझिन नीट सेट होत नाही. आधी पावडर, शेवटी हार्डनर. आपल्याकडच्या मे महिन्यात तर थोडंथोडंच कालवा, नाहीतर डब्यातच दगड होतो!

काळ्या प्लास्टिकच्या टाकीवर हा उपाय चालत नाही, पॉलिथिलीनला रेझिन धरतच नाही.

मास्क लावाच. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर सेट करणारं द्रव्य) व हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो.