माथ्यावरचे दोनशेवीस कोटी टन

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भात ठिकठिकाणी लोकांना आकाशातून जळते पट्टे सरकताना दिसले. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान पेटले म्हणाले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले. व्यास आठ-दहा फूट. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही मिळाले. हे सगळे चीनच्या चांग झेंग जातीच्या रॉकेटचे अवशेष असल्याचा निष्कर्ष पुढे निघाला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

बातम्यांत सगळा भर कड्यावर होता. मला विशेष वाटले ते जे खाली आलेच नाही त्याचे. काही टन वजनाचा रॉकेटचा टप्पा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येत होता. त्याच्यापुढची हवा बाजूला व्हायला वेळच न मिळाल्याने दाबली गेली, दाबली गेल्याने भयंकर तापली, आणि त्या तापलेल्या हवेनेच त्याचा बराचसा भाग वितळवून टाकला. उरले एक कडे आणि काही गोळे. हवा कमी पडली तर काय होते याचा नमुनाही विदर्भातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला काळ्या बसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. ते पाडणारा अशनी हवेला आवरला नाही.

ही हवा आहे तरी किती? नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथला दाब मुंबईपेक्षा थोडा कमी. तरीही दर चौरस मीटरवर जवळजवळ दहा टन हवा उभी आहे. शहराचे क्षेत्रफळ २२० चौरस किलोमीटर धरले तर नागपूरकरांच्या माथ्यावर साधारण २२० कोटी टन हवा झाली. पण तिची उंची फार नाही. सीताबर्डीहून कामठी जेवढी दूर, तेवढेच सरळ वर गेलो तर नव्वद टक्के हवा पायाखाली राहते. सोनेगावच्या हवामान केंद्रातून सोडलेला फुगा तापमान, दाब आणि आर्द्रता कळवत तो थर बघता बघता ओलांडून जातो.

त्यातला ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याला थोडा कमी आरगॉन. शाळेत इथवर पाठ करून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो: हा ऑक्सिजन आला कुठून?

‘झाडे लावा, ऑक्सिजन मिळवा’ अशा पाट्या चौकाचौकांत आहेत. झाडे लावावीतच, पण त्या पाटीतला हिशेब अर्धवट आहे. झाड जेवढा ऑक्सिजन देते, जवळजवळ तेवढाच त्याची पाने आणि खोड कुजताना परत घेतला जातो. पूर्ण वाढलेल्या जंगलाची शिल्लक शून्याच्या आसपास असते. शिल्लक पडते ती झाड कुजण्याआधीच गाळाखाली गाडले गेले तर. एक टन कार्बन असा कायमचा गाडला गेला की अडीच टनांहून जास्त ऑक्सिजन हवेत मोकळा राहतो. सुरुवात समुद्रातल्या निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांनी केली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो त्यांच्यामुळे. त्या साठवणीतला पुढचा एक भाग नागपूरकरांना पायाखाली सापडतो. कामठी, सावनेर, उमरेड या पट्ट्यातला कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या, ग्लोसोप्टेरिस कुळातल्या झाडांचा गाडला गेलेला कार्बन. आज आपण छातीत घेतो त्या ऑक्सिजनला या खाणींचा हातभार लागलेला आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे, पण तिथल्या ताळेबंदात ही नोंद असायचे कारण नाही.

कार्बनचा दुसरा हिशेब काळ्या मातीत आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनच्या लाव्हाने प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत ओतला. नागपूर त्या लाव्हाच्या पूर्व कडेवर आहे, सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, तेव्हा टाकळीच्या परिसरात त्याला दोन लाव्हाथरांच्या मधला, तळ्यात साचलेला गाळ मिळाला. म्हणजे आग ओकणारी जमीन मध्ये मध्ये शांत व्हायची आणि जीव परत यायचे. ओतलेला वायू नंतर खाली आणला पावसाने. पावसाच्या थेंबात कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य आम्ल होते. ते बसाल्टला हळूहळू खाते आणि त्या खडकातल्या कॅल्शियमशी बांधला जाऊन हा वायू चुन्याच्या रूपात अडकतो. झिजलेल्या खडकाची झाली कापसाची काळी माती. संत्र्याच्या बागेत चुनखडी लागली की बागाईतदार कपाळाला हात लावतो, कारण झाडाला लोह मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडतात. पण हा वायू असा चुन्यात धरून ठेवला जातो म्हणूनच पृथ्वीची हवा शुक्रासारखी झालेली नाही.

नायट्रोजनची गोष्ट शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. हवेत एवढा नायट्रोजन असून पिकाला तो थेट घेता येत नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो पकडून देतात. सोयाबीन पेरताना बियाण्याला रायझोबियम चोळतात ते एवढ्यासाठीच. गाठ चिरून आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे असे समजावे. आकाशातली वीजही थोडा नायट्रोजन जमिनीला देते, पण विदर्भात ती दरवर्षी शेतात माणसे मारते. ढग गडगडू लागल्यावर झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप फोनवर असलेले बरे.

आता नागपूरच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे, म्हणजे उन्हाकडे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर चर्चा झाली. मापकच बिघडला होता असे हवामान खात्याने नंतर सांगितले. खऱ्या नोंदींतला फरक ४४ अंशांचा. चंद्र सूर्यापासून आपल्याइतकाच दूर, पण तिथे हवा नाही, आणि त्याच्या विषुववृत्तावर दिवस आणि रात्र यांत अडीचशे अंशांहून जास्त फरक पडतो. पृथ्वीच्या हवेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड नसते, तर तिचे सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंश असते.

मे महिन्यात आपण तग धरतो तोही हवेच्या कोरडेपणावर. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाण्याचे बाष्पीभवन ओल्या वस्तूला चोवीस अंशांच्या आसपास नेऊ शकते. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर त्याच जोरावर चालतात, आपला घामही. जुलैत पारा ३२ वर येतो, पण आर्द्रता ८५ टक्के होते आणि तेव्हा ही मर्यादा तीसच्या जवळ अडते. म्हणूनच मृगानंतर नागपुरी कूलर नुसता दमट वारा फेकत बसतो. नवतपात माणूस कोसळतो तो बहुधा अंगातले पाणी संपल्याने. हवा तापलेली आणि दमटही असेल तर मात्र नुसते पाणी पिऊन भागत नाही.

१९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड सतत मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भाग होता. त्याच वर्षी नागपुरात पुढे ‘नीरी’ म्हणून ओळखली गेलेली पर्यावरण संशोधन संस्था स्थापन झाली. २०२४ मध्ये मौना लोआची सरासरी ४२४ च्या वर गेली. शहराच्या माथ्यावर आज हा वायू साधारण १४ लाख टन आहे. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच पूर्ण क्षमतेने चालले तर ढोबळ हिशेबाने महिन्या-सव्वा महिन्यात तेवढाच बाहेर सोडतात. वारा तो वाहून नेतो म्हणून आपल्याला कळत नाही. कोट्यवधी वर्षांत गाडलेला कार्बन आपण दोन-तीन पिढ्यांत वर काढतो आहोत. यात ऑक्सिजन संपण्याची भीती नाही, तो फार मोठा साठा आहे. भीती उष्णतेची आहे, आणि नागपूरला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्याजवळची हवा थंड आणि जड होऊन खालीच बसते, आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. दिवाळीचा धूर नेमका त्या झाकणाखाली कोंडतो. नीरीने विकसित केलेले हिरवे फटाके २०१९ मध्ये बाजारात आले. त्यांतून कणांचे उत्सर्जन सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. उरलेले ७० टक्के होतेच. तेव्हा फटाके घ्यायचेच असतील तर खोक्यावरचे चिन्ह तपासून मोजके घ्या, आणि नेमून दिलेल्या वेळेत सुरुवातीलाच उडवून मोकळे व्हा. रात्र चढते तसा धूर वर जात नाही. आणि दमेकरी शेजारी खालीच राहतात.