आवाज ओळखीचा, पण माणूस?

मागच्या महिन्यात एका दुपारी आमच्या अम्मीला फोन आला. नंबर अनोळखी, आवाज मात्र कुवेतला असलेल्या आमच्या धाकट्या भावाचा. "अम्मी, गाडीचा अपघात झालाय. पोलिसांनी पकडलंय. ऐंशी हजार लगेच पाठव. घरात कोणाला सांगू नकोस." अम्मीच्या हातापायांतले बळच गेले. तरी तिने विचारले, "बेटा, जुम्म्याला फोन केलास तेव्हा माझ्याकडे काय मागितलं होतंस?" पलीकडे क्षणभर शांतता, आणि फोन बंद. भावाने सुके बोंबील मागितले होते. तो त्या वेळी कामावर सुखरूप होता.

आमच्या लहानपणी अब्बा आखातात होते. पत्र महिन्याने यायचे. कोणी गावकरी सुट्टीवर आला की अब्बांच्या आवाजाची कॅसेट आणायचा. ती लावली की सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचे. पुढे फोन आला, व्हिडिओ कॉल आला. साधने बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही. आपल्या माणसाचा आवाज ऐकला म्हणजे आपले माणूस बोलले, ही खात्री.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आता त्या खात्रीलाच हात घातला आहे. एखाद्याच्या आवाजाचा नमुना यंत्राला दिला की त्याची पट्टी, लकब, शब्द उच्चारण्याची तऱ्हा ते टिपते आणि त्या माणसाने कधीच न उच्चारलेली वाक्ये त्याच्या आवाजात बोलून दाखवते. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'वॅल-ई' नावाची अशी प्रणाली मांडली. तिला नमुन्यासाठी अवघ्या ३ सेकंदांचा आवाज पुरतो, असे त्यांनी सांगितले. गैरवापराच्या भीतीने त्यांनी ती लोकांच्या हाती दिली नाही, पण आवाजाची नक्कल करणारी इतर साधने बाजारात आलीच. ३ सेकंदांचा आवाज तर आपण लग्नाच्या एका व्हिडिओतही जगाला देऊन टाकतो.

हे तंत्र मुळात वाईट नाही. आजारामुळे ज्यांची वाचा जाण्याची भीती आहे, त्यांना आपला आवाज आधीच जपून ठेवण्याची सोय २०२३ पासून आयफोनमध्ये आहे. सुरुवातीला त्यासाठी साधारण १५ मिनिटे वाक्ये वाचून दाखवावी लागत. पुढे बोलणे थांबले तरी टाईप केलेला मजकूर फोन त्यांच्याच आवाजात बोलतो. अशा घराला ही केवढी मोठी नेमत! तीच विद्या ठगाच्या हाती गेली की आईच्या काळजावर घाव घालते.

मग आपण काय करावे? पैसे मागणारा असा फोन आला तर तो आधी बंद करावा आणि आपल्याजवळच्या जुन्या नंबरवर त्या माणसाला स्वतः फोन लावावा. घरच्यांनी मिळून एक प्रश्न ठरवावा, ज्याचे उत्तर घराबाहेर कोणाला ठाऊक नसेल. तो व्हॉट्सअ‍ॅपवर न लिहिता समोरासमोर सांगावा. "कोणाला सांगू नकोस" हे शब्द आले की समजावे, दाल में कुछ काला है. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर कळवावे. आणि घरातले वडीलधारे फसले तर त्यांना बोल लावू नयेत. लाजेपोटी त्यांनी गोष्ट लपवली तर नुकसान वाढतेच. सूरह हुजुरातने आलेल्या खबरीची खातरजमा करायला शिकवलेच आहे. आज ती खबर आपल्याच माणसाच्या आवाजात येते, एवढेच.

पण त्या रात्री आमची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. हा फोन आम्हाला आला असता तर आम्ही काय विचारले असते? आम्ही बी.एड. झालेले, वर्गात मुलांना सायबर सुरक्षेचे धडे देणारे. अम्मी जेमतेम चौथी शिकलेली. भावाचा पगार आम्हाला माहीत, व्हिसाची मुदत माहीत. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सलाम, फुलांची चित्रे, दुआ यांची देवाणघेवाण चालते. पण तो जेवतो काय, खोलीत सोबत कोण, गुडघ्याचे दुखणे थांबले का, यातले आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. विचारायला आमच्याकडे प्रश्नच नव्हता. अम्मीकडे होता, कारण ती दर जुम्म्याला त्याच्याशी अर्धा तास बोलते. यंत्राने आवाज उचलला, पण बोंबलांची गोष्ट त्याला उचलता आली नाही. ती मायलेकांतच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर आम्ही भावाला फोन लावला, काही काम नसताना. त्याने उचलला आणि पहिलेच वाक्य घाबरून विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

आता रोज रात्री फोन करतो. आठवडा झाला, तेव्हा कुठे त्याने हे विचारणे सोडले.